टाळ्या पुष्कळ झाल्या, आता खुर्ची हवी

१/ टाकवे बुद्रुक. पुणे–लोणावळा लोहमार्गावरील कान्हे स्थानकाकडून आत वळले की आंद्रा नदीच्या खोऱ्यात, आंदर मावळात हे गाव लागते. नावातील ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचा मराठी अवतार; अर्थ ‘थोरले’. याच मावळ तालुक्यात टाकवे खुर्दही आहे, म्हणजे ‘धाकटे’. कोणत्याही गावाने आपण होऊन स्वतःला थोरले वा धाकटे म्हणवून घेतलेले नसते. एका नावाची दोन गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून दप्तराने ही विशेषणे जोडली आणि ती शतकानुशतके चिकटून राहिली.

२/ दप्तराने माणसांचीही अशी प्रतवारी केली. गावाला त्याचे काही वाटत नाही. माणसाचे मात्र त्या एका विशेषणाने आयुष्य ठरते. या धाग्याचा विषय आहे ज्यांच्या नावापुढे ‘मंद’ हा शब्द लागला ती माणसे, आणि त्यांच्यापैकी काहींनी खेळाच्या मैदानातून कमावलेला बोलण्याचा अधिकार. प्रतिपादन आरंभीच सांगितलेले बरे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला खेळाडू पदक जिंकतो तेव्हा समाज टाळ्या वाजवतो; पण तोच खेळाडू निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मागतो तेव्हा समाज इकडेतिकडे पाहू लागतो. इतिहासाची साक्ष अशी की, टाळ्यांनी या माणसांचे रक्षण कधीही झालेले नाही. खुर्चीने होऊ शकते.

३/ प्रथम दप्तर. ब्रिटिश अमदानीतील १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट’ने ‘ल्यूनटिक’ची व्याख्या करताना मनोरुग्ण आणि ‘इडियट’ यांना एकाच वाक्यात कोंबले. आजार बरा होऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगत्व हा आजारच नव्हे. कायद्याला हा भेद महत्त्वाचा वाटला नाही, कारण त्याचे लक्ष वेड्यांच्या इस्पितळात कोणाला ठेवावे आणि मालमत्ता कोणाच्या ताब्यात द्यावी एवढ्यावरच होते. स्वतंत्र भारतातही हा कायदा अनेक दशके टिकला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्वाला मनोरुग्णतेच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे एका शब्दाची चूक दुरुस्त होण्यास ७५ वर्षे लागली.

४/ कायद्याच्या जोडीला विज्ञान आले. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून एक चाचणी रचली. हे साधन अमेरिकेत पोहोचले आणि त्याचा हेतूच पालटला. मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये ‘मानसिक वया’नुसार उतरंड लावली: सर्वांत खाली ‘इडियट’, त्यावर ‘इम्बेसाइल’ आणि त्यावर त्यांनीच घडवलेला नवा शब्द ‘मोरॉन’. आज शिवी म्हणून वापरले जाणारे हे तिन्ही शब्द एके काळी शास्त्रीय संज्ञा होत्या. या उतरंडीचा परिणाम दूरवर गेला: चाळीस वर्षांच्या प्रौढ माणसाला ‘हा आठ वर्षांचा आहे’ असे म्हणण्याला शास्त्राचा आधार मिळाला.

५/ मोजणीची कथाही बोलकी आहे. वसाहतकाळातील जनगणना १९३१ पर्यंत ‘वेडे’, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची गणती करीत असे. १९४१ पासून ही गणती थांबली. १९८१ मध्ये दिव्यांगांची मोजदाद पुन्हा झाली, पण तीत बौद्धिक दिव्यांगत्वाला रकाना नव्हता. २००१ मध्ये ‘मानसिक’ असा एकच ढोबळ रकाना आला. मनोरुग्णता आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांना वेगवेगळे रकाने मिळाले ते थेट २०११ मध्ये. त्या गणनेत देशभरात सुमारे १५ लाख माणसे दुसऱ्या रकान्यात नोंदली गेली. एखाद्या मोठ्या शहराएवढा हा समूह तोपर्यंत राष्ट्रीय दप्तरात स्वतंत्रपणे दिसतच नव्हता.

६/ मराठीने काय केले? ‘वेडा’, ‘खुळा’, ‘मतिमंद’, मग ‘गतिमंद’, मग ‘विशेष मूल’. शब्द सौम्य होत गेले, पण शेवटच्या शब्दातील ‘मूल’ कायम राहिले. मराठीच्या व्याकरणात आदर क्रियापदाला चिकटतो: ‘तो आला’ आणि ‘ते आले’. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या वाट्याला हे अनेकवचन बहुधा येतच नाही. केस पांढरे झाले तरी तो ‘अरे’ आणि ती ‘अगं’. धाकटी भावंडे लग्न करून ‘अहो’ होतात. हा थोरला भाऊ मात्र घरच्या लाडक्या नावानेच म्हातारा होतो. यात माया असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला कधीच ‘अहो’ म्हटले नाही, त्याला निर्णय विचारण्याची सवय घराला लागत नाही.

७/ आता मैदान. अमेरिकेच्या केनेडी घराण्यातील रोझमेरी केनेडी यांना बौद्धिक दिव्यांगत्व होते. १९४१ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, वडिलांच्या निर्णयाने त्यांच्या मेंदूवर लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचे चालणे-बोलणे जवळजवळ हरपले आणि पुढील आयुष्य विस्कॉन्सिनमधील एका संस्थेत गेले. त्यांचे बंधू जॉन देशाचे अध्यक्ष झाले. भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये हे घरगुती गुपित एका नियतकालिकात लिहून उघड केले आणि त्याच वर्षी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले.

८/ त्या शिबिरातून पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले. अमेरिका आणि कॅनडातील सुमारे एक हजार खेळाडू आले. आज ही चळवळ जगभर पसरली आहे. भारतात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था २००१ पासून नोंदणीकृत आहे. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धांतून भारतीय पथक २०२ पदके घेऊन परतले. येथे एक गल्लत टाळावी. पॅरालिंपिक्स वेगळे आणि स्पेशल ऑलिंपिक्स वेगळे. पॅरालिंपिक्स ही मुख्यतः शारीरिक आणि दृष्टिदिव्यांग खेळाडूंची उच्चस्तरीय स्पर्धा. स्पेशल ऑलिंपिक्स ही बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांची वर्षभर चालणारी क्रीडा चळवळ.

९/ या चळवळीचे दोन नियम लक्षणीय आहेत. आठ वर्षे पूर्ण झाली की स्पर्धेत उतरता येते आणि वरच्या वयाला मर्यादा नाही. दुसरा नियम गटवारीचा: जवळपास सारखी क्षमता असलेल्यांची शर्यत एकत्र लावली जाते, म्हणजे प्रत्येकाला खरी चुरस मिळते. बुद्ध्यंकाचा आकडा परीक्षक देतो आणि तो माणसाच्या कपाळी बसतो. शर्यतीची वेळ मात्र खेळाडू स्वतः कमावतो. पुढच्या महिन्यात तो ती सुधारूही शकतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी मोजलेल्या माणसाला स्वतःच्या मालकीचा आकडा प्रथम स्टॉपवॉचने दिला. बोलण्याचा आत्मविश्वास खेळातून का येतो, याचे एक उत्तर येथे आहे.

१०/ लॉरेटा क्लेबोर्न यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जन्म १९५३, पेन्सिल्व्हेनियातील यॉर्क गाव. कृष्णवर्णीय, गरीब, सात भावंडांचे घर, एकट्या आईचा संसार. दृष्टी अधू, बौद्धिक दिव्यांगत्व, आणि चालणे-बोलणे उशिरा आलेले. अशी मुले संस्थेत पाठवण्याचा तो काळ. आईने मुलगी घरीच वाढवली. थोरल्या भावामागे धावता धावता धावण्याची गोडी लागली. १९७० च्या सुमारास एका समाजसेविकेने त्यांना स्पेशल ऑलिंपिक्समध्ये आणले. पुढे त्यांनी २६ मॅरेथॉन पूर्ण केल्या. त्यांत बॉस्टनची खुली मॅरेथॉन होती, जेथे सर्वांबरोबर धावावे लागते.

११/ १९९६ मध्ये त्यांना अमेरिकन क्रीडाविश्वातील आर्थर अ‍ॅश धैर्य पुरस्कार मिळाला. दोन विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. सन २००० मध्ये त्यांच्यावर दूरचित्रपट निघाला. येथवरची कथा प्रेरणादायी कथांच्या नेहमीच्या साच्यात बसते. ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे: क्लेबोर्न स्पेशल ऑलिंपिक्सच्या आंतरराष्ट्रीय संचालक मंडळावर बसल्या. ज्या संस्थेने त्यांना ‘मदत’ केली, त्याच संस्थेचा पैसा कोठे जावा आणि धोरण काय असावे, हे ठरवणाऱ्यांत त्या सामील झाल्या. लाभार्थी विश्वस्त झाला. पदकापेक्षा हा प्रवास दुर्मीळ आहे.

१२/ यामागे व्यवस्था होती. चळवळीने खेळाडूंना भाषण करणे, बैठकीत मत मांडणे, पत्रकारांशी बोलणे यांचे रीतसर प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. अशा प्रशिक्षित खेळाडूंपैकी एक, व्हर्जिनियाचे जॉन फ्रँकलिन स्टीफन्स. २०१२ मध्ये एका प्रसिद्ध राजकीय भाष्यकार महिलेने अध्यक्षांना हिणवण्यासाठी ‘रिटार्ड’ हा शब्द वापरला, तेव्हा डाऊन सिंड्रोम असलेल्या स्टीफन्स यांनी तिला खुले पत्र लिहिले. पत्र संयत होते आणि जगभर वाचले गेले. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. आपल्याविषयीच्या शब्दाला आपणच उत्तर देणे: शतकापूर्वी गॉडर्ड यांच्या उतरंडीत या शक्यतेला जागा नव्हती.

१३/ खुर्ची नसली तर काय होते, हे सिडनीने दाखवले. २००० च्या पॅरालिंपिक्समध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक जिंकले. लगेचच संघातीलच एका पत्रकाराने भांडे फोडले: बारा खेळाडूंपैकी दहा जणांना बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतेच. पदक काढून घेतले गेले हे योग्यच. पण आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने तेवढ्यावर न थांबता बौद्धिक दिव्यांगांच्या सर्वच स्पर्धा बंद केल्या. त्या परत आल्या २०१२ च्या लंडन पॅरालिंपिक्समध्ये, त्याही केवळ अ‍ॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीन खेळांत.

१४/ लबाडी धडधाकट माणसांची, शिक्षा दिव्यांगांना. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. खेळाडूच्या कारकिर्दीत बारा वर्षे म्हणजे सारी उमेद; एक पूर्ण पिढी यात गेली. शारीरिक दिव्यांगत्व असलेला खेळाडू अन्यायाविरुद्ध स्वतः दार ठोठावू शकतो, आणि ते ऐकले जाते. १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर यांनी स्वतःच्या सन्मानासाठी अनेक दशके पाठपुरावा केला. पद्मश्री मिळण्यास २०१८ उजाडले. उशीर झाला, तरी त्यांचे म्हणणे हे ‘त्यांचे म्हणणे’ मानले गेले. बौद्धिक दिव्यांगाचे म्हणणे मात्र पालकाचे, प्रशिक्षकाचे किंवा संस्थेचे म्हणणे समजले जाते.

१५/ आता पुणे जिल्हा. महाराष्ट्रात या क्षेत्रात समर्पित काम फार पूर्वीपासून आहे. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांच्या पुढाकाराने ‘कामायनी’ उभी राहिली. या संस्थांनी हजारो घरांना आधार दिला. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढील प्रश्न विचारायचा आहे. समाजसेवेची मराठी परंपरा थोर आहे. पण सेवा करणारा बोलतो आणि सेवा घेणारा गप्प बसतो, अशी तिची जुनी घडण आहे. त्या शांततेची किंमत १९९४ मध्ये याच जिल्ह्यात चुकवावी लागली.

१६/ फेब्रुवारी १९९४. शिरूर येथील एका शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या काही मुली आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीतील स्वच्छतेचे. त्यांना ती राखता येत नाही, असे. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, वृत्तपत्रांत वादळ उठले आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या. संमती? ती देण्यास त्या सक्षम नाहीत असे गृहीत धरून इतरांनी त्यांच्या वतीने दिलेली. मग त्यांना काय हवे, हा प्रश्न कोणासमोरच उरला नाही.

१७/ या प्रकरणाचा अभ्यास करताना एक बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिक ठरेल. त्या वादात अनेक पालक शस्त्रक्रियेच्या बाजूने होते. आपल्यानंतर हिचे काय, कोणी गैरफायदा घेतला तर काय, ही त्यांची भीती खरी होती आणि आजही खरी आहे. पण गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. थांबतो तो केवळ अत्याचाराचा दिसणारा पुरावा. पाळीची स्वच्छता शिकवता येते. वेळ आणि माणसे लागतात. ती देण्यापेक्षा अवयव काढणे व्यवस्थेला सोपे वाटले. रोझमेरी केनेडी यांच्या डोक्यावरची शस्त्रक्रिया आणि ससूनमधील या शस्त्रक्रिया यांत ५३ वर्षांचे अंतर आहे. दोन्हींमागचा तर्क एकच: हिच्या भल्याचे आम्हांला कळते.

१८/ त्याच १९९४ मध्ये, त्याच जिल्ह्यात, मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ सुरू झाले. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्ती तेथे लहान लहान घरांत कुटुंबासारख्या राहतात आणि जमेल ते काम करतात. तेथील रहिवाशांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. शब्द छोटा आहे, पण ‘मूल’ हटून ‘मित्र’ आला की नाते सपाटीवर येते. एकाच वर्षी एकाच जिल्ह्यात समाजाने या माणसांकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी दाखवल्या. इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, याचे याहून जवळचे उदाहरण पुणेकर विद्यार्थ्याला शोधूनही सापडणार नाही.

१९/ कायद्याने पुढचे पाऊल २००९ मध्ये टाकले. चंदीगडच्या शासकीय संस्थेत राहणारी एक बौद्धिक दिव्यांग तरुणी बलात्कारातून गर्भवती राहिली. प्रशासनाला गर्भपात करवायचा होता. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला आणि सांगितले की प्रौढ स्त्रीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून तिच्या संमतीला बगल देता येणार नाही. शिरूरच्या मुलींना जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, तो पंधरा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एका तरुणीला विचारला आणि तिचे उत्तर ग्राह्य धरले.

२०/ आणि २०१४. ‘यलो’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक महेश लिमये. कथा पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या आयुष्यावर आधारलेली. गाडगीळ यांना डाऊन सिंड्रोम आहे. स्पेशल ऑलिंपिक्सच्या जलतरणातून त्यांचे नाव पुढे आले. अशा भूमिका नामांकित अभिनेत्यांनी वठवायच्या आणि पुरस्कार घ्यायचे, ही जगभरची रीत. येथे स्वतः गाडगीळ पडद्यावर उभ्या राहिल्या. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. गौरी गाडगीळ आणि त्यांच्या बालपणाची भूमिका करणाऱ्या संजना राय यांचा विशेष उल्लेख झाला.

२१/ शिरूर ते ‘यलो’, वीस वर्षे. एका बाजूला शस्त्रक्रियेच्या टेबलावरील निनावी देह, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने पडद्यावर आलेली स्त्री. हे अंतर मोठे आहे आणि ते कापण्यात जलतरण तलावाचा वाटा आहे. तरीही ‘यलो’ हा मुक्काम नव्हे, थांबा आहे. चित्रपट पाहून महाराष्ट्र रडला, त्याने टाळ्या वाजवल्या. पण दिव्यांग धोरण ठरवणाऱ्या बैठकांत गाडगीळ यांच्यासारख्यांना बोलावले पाहिजे, अशी मागणी त्या टाळ्यांतून उठली नाही. प्रेक्षकाने आईच्या जिद्दीला सलाम केला. मुलीचे मत विचारायचे राहून गेले.

२२/ वास्तविक मत विचारण्याची तरतूद कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्यानुसार आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १३ दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असल्याचे मान्य करते. कलम १४ सरसकट पालकत्वाऐवजी मर्यादित पालकत्वाची, म्हणजे परस्पर विश्वासाने एकत्र निर्णय घेण्याची संकल्पना मांडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्हा समिती तिघांची असते: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्या तिसऱ्या जागेवर कोणत्या प्रकारचे दिव्यांगत्व असावे, याचे बंधन कायद्यात नाही. खुर्ची कागदावर मांडलेली आहे.

२३/ आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: बोलू शकणारे क्लेबोर्न किंवा स्टीफन्स हे अपवाद, ज्यांना शब्दच नाहीत त्यांचे प्रतिनिधित्व ते कसे करणार? उत्तर असे की, कोणताही प्रतिनिधी आपल्या समूहाचा हुबेहूब नमुना नसतो. शेतकऱ्यांचा पुढारी सर्वांत गरीब शेतकरी असतोच असे नाही; तरी बिगरशेतकऱ्यापेक्षा त्याला बांध अधिक कळतो. दुसरा आक्षेप: त्यांना दुसरे कोणी पढवतील. पढवतीलही. पण पढवलेले सदस्य ही काही केवळ बौद्धिक दिव्यांगांची मक्तेदारी नव्हे. पंचायतीत आरक्षणातून आलेल्या स्त्रियांबाबतही ‘कारभार नवराच पाहणार’ असे म्हटले गेले होते. काहींच्या बाबतीत ते खरे ठरले. खुर्ची काढून घेणे हा त्यावरचा उपाय मानला गेला नाही. म्हणूनच पुढे अनेक जणी स्वतः बोलू लागल्या.

२४/ हे सारे दिल्ली-मुंबईपुरते राहू नये, म्हणून पुन्हा आंदर मावळाकडे वळावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद २४३ नुसार गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. मतदारयादीतून नाव वगळण्यासाठी केवळ ‘मनोविकलता’ असून भागत नाही. सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असावे लागते. शाळेचा दाखला, डॉक्टरांचे प्रमाणपत्र किंवा शेजाऱ्यांचे मत यांनी हा हक्क जात नाही. याचा सरळ अर्थ असा: टाकवे बुद्रुक असो वा दुसरे कोणतेही गाव, अठरा वर्षे पूर्ण झालेली, यादीत नाव असलेली बौद्धिक दिव्यांग व्यक्ती ही त्या ग्रामसभेची पूर्ण सदस्य आहे. सरपंचांइतकीच.

२५/ या सदस्यत्वाला व्यवहारातही मोल आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्यात नियम आहे. तो निधी वस्तूंच्या वाटपात जावा, की मैदान सपाट करण्यात, की तालुक्याच्या विशेष शाळेपर्यंतच्या वाहनात? हा प्रश्न ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारता येतो. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: विषयपत्रिका चार ओळींच्या सोप्या मराठीत आणि चित्रांसह, उत्तर देण्यास पुरेसा वेळ, आणि सोबत एक विश्वासाचे माणूस, जे त्यांच्याऐवजी बोलणार नाही. मैदानावर प्रशिक्षक हेच करतो: सूचना लहान देतो, थांबतो, पुन्हा दाखवतो, आणि धावण्याचे काम खेळाडूवर सोडतो.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांचाही येथे एक वाटा आहे. या समूहाचा इतिहास आजवर इस्पितळांच्या नोंदी, न्यायनिवाडे, जनगणनेचे तक्ते आणि संस्थांचे अहवाल यांतून लिहिला गेला. त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील साधने जवळजवळ नाहीत. गावोगावचे असे खेळाडू, जुने धावपटू, पोहणारे, बोचेचा चेंडू फेकणारे, आज हयात आहेत. त्यांच्याशी त्यांच्या संमतीने, ‘अहो’ म्हणून, घाई न करता बोलणे आणि ते नोंदवून ठेवणे, हे तरुण अभ्यासकाला सहज करता येण्याजोगे काम आहे. किल्ल्यांची टाकी मोजणारे उत्साही हात मावळात पुष्कळ आहेत. त्यांपैकी थोडे इकडे वळले तरी एक नवे दप्तर तयार होईल, आणि त्यातील विशेषणे ज्याची त्याने निवडलेली असतील.

२७/ ग्रामसभेच्या नोंदवहीत हजर सदस्यांच्या सह्या आणि अंगठे असतात. पुढील सभेच्या दवंडीत वा नोटिशीत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना नावाने बोलावणे, त्यांचा अंगठा त्या वहीत घेणे, आणि त्यांनी काय सांगितले ते इतिवृत्तात लिहिणे: यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. पदक मिळण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. खेळाडूंनी एवढे सिद्ध करून ठेवले आहे की विचारले तर उत्तर येते. आता विचारण्याचे काम गावाचे आहे.